‘सौम्य लाठीमार’ आणि फुलांच्या पाकळ्या

सुमारे अठरा वर्षांपूर्वी मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात जिल्हा पानांवर उपसंपादक होते. रात्री साडेनऊनंतर तालुक्यांच्या वार्ताहरांच्या बातम्या एकामागोमाग येऊ लागत, अकराला पान सोडावे लागे, आणि त्या दीड तासात वीस-पंचवीस बातम्या वाचून, कापून, मथळे देऊन लावायच्या असत. अशाच एका रात्री एका तालुक्याच्या गावाहून आठ ओळींची बातमी आली. दारूचे दुकान वस्तीतून हलवावे या मागणीसाठी महिलांनी तहसील कार्यालयावर मोर्चा काढला, मोर्चा अनियंत्रित झाल्याने पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला, परिस्थिती नियंत्रणात आहे, एवढाच तिचा मजकूर होता. मी शुद्धलेखन तपासले, ‘महिलांच्या मोर्चावर सौम्य लाठीमार’ असा मथळा दिला आणि बातमी एका कॉलमात लावून पुढच्या बातमीकडे वळले.

चौथ्या दिवशी दुपारी त्या मोर्चातल्या दोघीजणी बसने नागपूरला आल्या आणि विचारत विचारत आमच्या कार्यालयात पोचल्या. त्यांतल्या थोरलीचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिने पिशवीतून चार घड्या घातलेले आमचे पान काढले, माझ्या टेबलावर ठेवून उजव्या तळव्याने सपाट केले, आणि मथळ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारले, “बाई, हे सौम्य म्हणजे का असते जी?”

मी तिला शब्दाचा अर्थ सांगू लागले आणि मधेच थांबले, कारण अर्थ तिला ठाऊक होता. तिला विचारायचे होते ते वेगळेच होते. नंतर मी वरिष्ठांकडे जाऊन खुलासा छापावा असे सुचवले. पोलिसांनी जे सांगितले तेच आपण छापले आहे, त्यात चूक कुठली, असे उत्तर मिळाले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते. वार्ताहराने संध्याकाळी ठाण्यात फोन केला होता, ठाणेदारांनी सांगितले ते लिहून घेतले होते, मी ते नीटनेटके केले होते. आमच्यापैकी कोणीही जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते, आणि तरीही त्या बाईच्या मोडलेल्या हाताला आम्ही ‘सौम्य’ म्हटले होते. वृत्तपत्राची नोकरी सोडून आता बरीच वर्षे झाली, पण राज्यसंस्थेची हिंसा माध्यमांतून कशी दिसते याचा विचार करू लागले की मला कुठल्याही पुस्तकाआधी ते टेबल आठवते.

स्त्रीवादी दृष्टीने माध्यमांकडे पाहायचे म्हणजे बातमीत किती स्त्रिया आहेत आणि त्यांचे चित्रण सन्मानपूर्वक आहे की नाही हे मोजायचे, असा एक समज आहे. मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. बातमी सांगणारा उभा कुठे आहे? ठाण्याच्या आत की ठाण्याच्या दाराबाहेर? कोणाचे म्हणणे ‘माहिती’ म्हणून छापले जाते आणि कोणाचे ‘आरोप’ म्हणून? त्या रात्री आमच्या पानावर ठाणेदारांचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून गेले होते. मोर्चातल्या बायकांनी आपली बाजू मांडली असती तर तिला ‘लाठीमार झाल्याचा आरोप महिलांनी केला’ अशी शेपटी लागली असती. स्त्रीचा शब्द पुराव्याविना उभा राहू शकत नाही आणि गणवेशातल्या माणसाच्या शब्दाला पुरावा लागत नाही, हा भेद कोणी शिकवत नाही. नव्या उपसंपादकाच्या हाताला तो आठवड्याभरात आपोआप लागतो.

आपल्या भाषेचे व्याकरणही या कामात कसे उपयोगी पडते ते पाहण्यासारखे आहे. ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’ या वाक्यात पोलीस चतुर्थीत जातात, म्हणजे ‘मला ताप आला’ किंवा ‘त्याला उपाशी राहावे लागले’ या वाक्यांतल्या माणसासारखे ते भोगणारे ठरतात आणि लाठी ही जणू त्यांच्यावर ओढवलेली आपत्ती ठरते. उलट ‘महिलेचा हात मोडला’ हे वाक्य कर्त्याविनाच पुरे होते, कारण हात आपला आपणच मोडतो. ‘चकमकीत ठार झाला’, ‘कोठडीत मृत्यू झाला’, ‘तिच्यावर अत्याचार झाला’, या साऱ्या वाक्यांत घडणे आहे पण करणारा नाही. जिथे करणाऱ्याला पुढे आणायचे असते तिथे मात्र भाषा एकदम कर्तरी आणि उत्सवी होते. ‘पोलिसांनी कंठस्नान घातले.’ या शब्दात स्नान आहे, आणि त्याबरोबर शुद्ध होण्याची छटाही आहे. गडचिरोलीतल्या चकमकींच्या बातम्यांत मी हा शब्द असंख्य वेळा वाचला आहे आणि दोन-तीनदा माझ्या हातूनही तो मथळ्यात गेला आहे. २०१८च्या एप्रिलमध्ये भामरागड तालुक्यात कसनासूर परिसरात झालेल्या चकमकीत आणि तिच्या पाठोपाठ मिळून चाळीसजण मारले गेले, तेव्हा आपली मुले लग्नाला म्हणून घराबाहेर पडली होती असे गट्टेपल्ली या गावातल्या पालकांनी सांगितले. पोलिसांच्या मते ती नव्याने भरती झालेली होती. यांतले खरे काय ते ठरवण्यासाठी चौकशी असते. पण ‘कंठस्नान’ हा शब्द एकदा छापला की चौकशीला जागाच उरत नाही.

आणखी एक वाक्य आहे, जे मराठी गुन्हेवार्तेत इतके रुळले आहे की त्यात काही वावगे आहे हेच वाचकाला जाणवत नाही. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ या वाक्याचा सरळ अर्थ कोठडीत मारहाण करून जबाब घेतला असा आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा आपल्या पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे, आणि तो का करावा लागला याचे उत्तर त्याच वाक्यात आहे. तरीही कोठडीतल्या मारहाणीची ही उघड नोंद आपण चहाबरोबर वाचतो आणि पोलिसांचे कौतुक म्हणून वाचतो. कोठडीच्या दाराआड जे चालते ते गुन्हेगाराच्या बाबतीत योग्यच असते, असे एकदा मनात बसले की त्याच दाराआड एखादी मुलगी सापडली तर काय होईल, हा प्रश्न सुचतच नाही.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी एका आदिवासी मुलीने विचारायला लावला होता. २६ मार्च १९७२ रोजी रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आणि १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी आणले गेले. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. आई-वडील नव्हते, मजुरी करून ती जगत होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले गेले आणि तिला आत थांबवले गेले. ठाण्यातल्या एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि एका हेड कॉन्स्टेबलने तिचा विनयभंग केला, हा तिचा जबाब होता. १९७४मध्ये सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून दोघांना सोडले, १९७६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, म्हणून तिने केलेल्या प्रतिकाराची हकीकत खोटी आणि जे घडले ते शांततेत घडले, असे त्या निकालात म्हटले आहे.

‘सौम्य’ आणि ‘शांततेत’. एक विशेषण आमच्या पानावरचे आणि दुसरे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या निकालातले, पण दोन्ही एकाच जागेवरून उच्चारलेली आहेत, आणि ती जागा ठाण्याच्या आतली आहे.

तो निकाल वर्षभर कायद्याच्या अहवालांत पडून होता. सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक नाही का, रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या गरीब मुलीकडून ओरडण्याची, झटापटीच्या खुणांची अपेक्षा कशी करता, हा त्या पत्राचा गाभा होता. पत्र वृत्तपत्रांत गेले, हातोहात फिरले, मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप उभा राहिला, ज्याचे पुढे नारी अत्याचार विरोधी मंचात रूपांतर झाले, आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. आजच्या स्त्री चळवळीची मोठी फळी या एका प्रकरणातून उभी राहिली आणि ते प्रकरण कुठल्या गल्लीतल्या गुंडाचे नव्हते, पोलीस ठाण्याचे होते, हे विसरता कामा नये. कायद्याच्या अहवालात मात्र हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने, म्हणजे आरोपी पोलिसाच्या नावाने नोंदला गेला आहे.

१९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आले आणि त्यामुळे अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरायचे हे ठरले. मला या कलमाचे महत्त्व शिक्षेच्या वर्षांहून मोठे वाटते. दार बंद असलेल्या खोलीत सारी सत्ता एका बाजूला असते, म्हणून तिथल्या दुसऱ्या बाजूच्या शब्दावर विश्वास ठेवूनच सुरुवात करायची, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. त्याच दुरुस्तीत पीडितेची ओळख उघड करण्यावर बंदी घालणारे २२८-अ हे कलमही आले. माध्यमांनी यांतले दुसरे कलम थोडेफार पाळले, नाव बदलायला आणि चेहरा धूसर करायला शिकून घेतले. पहिल्या कलमामागचे तत्त्व मात्र वृत्तकक्षात कधी पोचलेच नाही.

याच काळातली हैदराबादची हकीकत मी इथे मुद्दाम सांगते, कारण तिचा दुसरा अंक आपण सगळ्यांनी अलीकडेच पाहिला आहे. मार्च १९७८मध्ये रमीझा बी ही तरुणी आणि तिचा नवरा रात्री सिनेमा पाहून परतत असताना नल्लाकुंटा ठाण्याच्या पोलिसांनी त्यांना पकडले. ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला आणि विरोध करणारा नवरा पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. लोकांनी त्याचा मृतदेह उचलून ठाण्यावर नेला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांना दोषी धरले. आयोगासमोर पोलिसांच्या बाजूचा सारा भर रमीझा बी ही वाईट चालीची बाई आहे हे दाखवण्यावर होता. पुढे खटला कर्नाटकात रायचूरला चालला आणि १९८१मध्ये आरोपी पोलीस निर्दोष सुटले.

रमीझा बीच्या घटनेनंतर एकेचाळीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस, याच हैदराबादच्या वेशीवर शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यकावर बलात्कार करून तिला जाळण्यात आले. तिचे नाव मी लिहिणार नाही, पण त्या आठवड्यात ते सगळीकडे होते. तिचे छायाचित्र आणि तिचे खरे नाव वाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी बिनदिक्कत वापरले. त्या रात्री तिच्या घरच्यांना तक्रार नोंदवताना हद्दीच्या वादात अडकावे लागले होते आणि दिरंगाईबद्दल तीन पोलीस निलंबित झाले होते. राज्यसंस्थेने केलेली पहिली हिंसा ती होती, कारण ज्या तासांत धावपळ व्हायला हवी होती त्या तासांत हद्द कोणाची यावर वेळ गेला. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी चारही आरोपींना घटनास्थळी नेऊन गोळ्या घातल्या. सकाळी लोकांनी त्या ठिकाणी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या, त्यांना खांद्यावर घेतले, बायकांनी राख्या बांधल्या, मिठाई भरवली. दिवसभर पडद्यावर तीच दृश्ये पुन्हा पुन्हा फिरत राहिली आणि निलंबित पोलीस, हद्दीचा वाद, वाया गेलेले तास हे सगळे त्या पाकळ्यांखाली गेले.

ती दृश्ये पाहताना मी घरात एकटी होते आणि मला आनंद झाला नाही हे कोणाला सांगावे हे कळत नव्हते. ज्या मैत्रिणींशी आयुष्यभर या विषयांवर बोलले त्यांतल्या दोघींचे संदेश आले होते, ‘न्याय झाला.’ त्यांचा राग मला समजत होता. बाईच्या खटल्याची आपल्याकडे किती वर्षे वाट पाहावी लागते हे कोणाला वेगळे सांगायला नको. पण ज्या चळवळीने आम्हाला शिकवले ती सुरूच झाली होती बंद दाराआडच्या गणवेशाला प्रश्न विचारून, आणि आता तोच गणवेश आमच्या नावाने, पहाटेच्या अंधारात, साक्षीदाराविना, माणसे मारून आला होता आणि त्याला ओवाळायला आम्हालाच पुढे केले जात होते. त्या दिवशी सगळ्या वाहिन्या एकच विचारत होत्या, ‘आता तिच्या आत्म्याला शांती मिळाली का?’ पहाटे नेमके काय झाले हे विचारणारा आवाज त्या गदारोळात ऐकूही येत नव्हता.

तो आवाज ज्यांनी उठवला त्यांत स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या पुढे होत्या, ही गोष्ट पडद्यावर फारशी दिसली नाही. हैदराबादच्या अशाच कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी उच्च न्यायालयाकडे धाव घेतली आणि न्यायालयाने मृतदेह जतन करण्याचा आदेश दिला. नंतर सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सिरपूरकर हे नागपुरातल्या वकिलीतून पुढे गेलेले, म्हणजे ज्या खंडपीठाने १९७६मध्ये मथुरेवर विश्वास ठेवला होता त्याच न्यायालयाच्या परंपरेतले. मे २०२२मध्ये आयोगाचा अहवाल खुला झाला. आरोपींनी पिस्तुले हिसकावली आणि गोळीबार केला ही पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, त्यांना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या घातल्या गेल्या, चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, असे निष्कर्ष त्यात आहेत. फुलांच्या पाकळ्या जितके तास पडद्यावर होत्या त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका वेळही या अहवालाला मिळाल्याचे मला आठवत नाही.

त्या चौघांपैकी एकाची बायको तेव्हा गरोदर होती. तिच्या दारात कॅमेरे लावले गेले, ती रडली, आणि तिचे रडणे दाखवले गेले. मराठी बातमीत अशा बायकांसाठी ठरलेले शब्द आहेत, ‘हंबरडा फोडला’, ‘टाहो फोडला’. हंबरणे हा गाईचा आवाज आहे. चकमकीत किंवा कोठडीत मेलेल्या माणसाची आई, बायको, बहीण आपल्या बातम्यांत आवाज काढते पण बोलत नाही, आणि तिला कोणी काही विचारतही नाही. त्याला केव्हा नेले, कोण आले होते, गणवेशात होते की साध्या कपड्यांत, गाडीचा रंग काय, अटकेचा कागद दिला का, हे सारे तिलाच ठाऊक असते, कारण त्या वेळी दाराशी तीच उभी असते. घरातून उचलून नेलेल्या माणसाच्या प्रकरणात बहुधा तीच एकमेव साक्षीदार असते, आणि आपण तिची साक्ष घ्यायची सोडून तिच्या पदराचे जवळून चित्र घेतो.

बदलापुरात २०२४मध्ये हेच पुन्हा घडले. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, त्यांच्या पालकांना ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले, २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखली, त्यांच्यावर लाठीमार झाला, अनेकांना अटक झाली. त्या दिवशीच्या चित्रांत राज्यसंस्था आईबापांच्या समोर लाठी घेऊन उभी होती. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला आणि चित्र पार बदलले. गृहखाते सांभाळणाऱ्या नेत्याचे हातात बंदूक घेतलेले फलक झळकले आणि गावाच्या नावावर कोटी करून ‘बदला पुरा’ असे त्यांवर लिहिले गेले. चार वर्षांच्या मुलींच्या दुःखावर शब्दखेळ करावा असे कोणाला तरी सुचले आणि तो छापून चौकात लावला गेला, याची मला अजून चीड येते. गोळी डोक्यातच का लागली, पायावर का नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने विचारले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरले. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की तो खटलाच उभा राहिला नाही, शाळेतल्या कोणी काय लपवले, कोणाला काय माहीत होते, हे त्या खटल्यातल्या उलटतपासणीतून कधीच बाहेर येणार नाही. गोळीने मुलींना न्याय मिळाला असे ज्यांना वाटते त्यांनी या गमावलेल्या साक्षीचा हिशोब करून पाहावा.

हिंदी आणि मराठी पडद्यावरचा पोलीस नायक या साऱ्याची पूर्वतयारी कशी करतो यावर खूप लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यातच सांगते. त्या कथांत स्त्रीला पहिल्या अर्ध्या तासात मरावे किंवा उद्ध्वस्त व्हावे लागते, म्हणजे नायकाच्या पुढच्या दोन तासांच्या हिंसेला कारण मिळते. ती जगली आणि आपल्या तोंडाने बोलू लागली तर ‘गोळी घालू नका, खटला चालवा, मला साक्ष द्यायची आहे’ असेही म्हणू शकेल, आणि मग ती गोष्टच पुढे सरकणार नाही.

मणिपूरच्या इमांनी मात्र दुसऱ्याने काढलेल्या चित्रात उभे राहायला नकार दिला होता. १० जुलै २००४च्या रात्री आसाम रायफल्सच्या जवानांनी थांगजम मनोरमा हिला घरातून नेले, अटकेचा कागद घरच्यांच्या हाती दिला, आणि दुसऱ्या दिवसाच्या उजेडात तिचा गोळ्यांनी छिन्न झालेला मृतदेह सापडला. १५ जुलैला इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर, जिथे तेव्हा आसाम रायफल्सचा तळ होता, बारा स्त्रिया आल्या आणि त्यांनी अंगावरची वस्त्रे उतरवली. ‘भारतीय सेनेने आमच्यावर बलात्कार करावा’ अशा अर्थाचा इंग्रजी फलक त्यांनी समोर धरला होता. मैरा पायबी, म्हणजे हाती मशाल घेऊन रात्री वस्तीवर पहारा देणाऱ्या बायकांच्या चळवळीतल्या या स्त्रिया पोक्त वयाच्या होत्या, संसारी होत्या, त्यांना तिथे आई या अर्थाने ‘इमा’ म्हणतात. माध्यमांनी ‘नग्न निदर्शने’ असे नाव देऊन ते चित्र सगळीकडे नेले, बऱ्याच ठिकाणी धूसर पट्ट्या लावून. त्या धूसर पट्ट्यांनी नेमके काय झाकले जात होते, याचा मी अनेकदा विचार केला आहे. त्यांचे शरीर झाकले जात होते, पण त्यांनी ते का उघडे केले याचे कारणही त्याबरोबर झाकले जात होते. ज्या देहावर हिंसा होते आणि मग जो देह पुरावा म्हणून, लाज म्हणून, बातमी म्हणून इतरांच्या हाती फिरतो, तो देह त्यांनी स्वतःच्या हाताने, दिवसाढवळ्या, त्या हिंसेच्या दारात नेऊन उभा केला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने कांगला सोडला. मनोरमेच्या मृत्यूबद्दल मात्र कोणाला शिक्षा झाली नाही. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी वडसा स्थानकावर उतरले होते. वडसा म्हणजेच देसाईगंज. भाताच्या गिरण्यांचा आवाज आणि तूसाचा वास असलेले ते गाव आहे. कामाच्या गडबडीत ठाण्यापर्यंत जायला वेळ मिळाला नाही, आणि गेले असते तरी १९७२ची ती इमारत तिथे असेलच असे नाही. पण परतीच्या गाडीत मी त्या खटल्याचा निकाल पुन्हा वाचला. त्यात एक भाग आहे ज्याकडे मी आधी नीट पाहिले नव्हते. ती आत असताना ज्या बाईंकडे ती कामाला जात असे त्या बाहेरून तिला हाका मारत होत्या. दिवे बंद होते, दार बंद होते. हाका ऐकून रात्रीच्या त्या वेळी ठाण्यासमोर लोक जमले. थोड्या वेळाने मथुरा बाहेर आली आणि जमलेल्या लोकांसमोर तिने आत काय झाले, कोणी केले, ते सांगितले. लोकांनी तिला जखमा दाखव म्हटले नाही. ठाणे जाळून टाकू असे त्या लोकांनी बजावले तेव्हा पोलिसांना तिची तक्रार लिहून घ्यावी लागली.